खराटा हाती घेतलेला लोकशिक्षक

सातपुड्याच्या कुशीतील धारणी तालुका उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक झाला तो आरोग्याच्या प्रश्नामुळे. 1990 च्या दशकात मेळघाटातील बालमृत्यूंनी विधिमंडळ आणि न्यायालय या दोहोंचे लक्ष वेधले. पुढे योजना आल्या, पथके आली; तरीही जुलै 2022 मध्ये शेजारच्या चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरीत विहिरीचे दूषित पाणी पिऊन माणसे दगावलीच. याच धारणीत शिकून पदवीधर होणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर मात्र अशा एका वऱ्हाडी माणसाचे नाव असते, ज्याला अक्षरओळखही नव्हती आणि ज्याचा सारा जन्म गावची घाण उपसण्यात गेला. ते नाव संत गाडगेबाबांचे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या आहारी गेले आणि त्यातच संपले. तेव्हा डेबू अवघा आठ वर्षांचा होता. आई सखुबाई त्याला घेऊन दापुरे येथे माहेरी आली. मामाच्या घरी गुरे राखत आणि नांगर धरत हा मुलगा मोठा झाला. पुढे सावकाराच्या खोट्या हिशेबात मामाची जमीन गेली. घर कसे बुडते हे डेबूजीने असे दोन वेळा पाहिले. एकदा दारूने आणि एकदा कर्जाने.

त्यात 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ आले. 1891 मध्ये सुमारे 29 लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या 1901 च्या जनगणनेत साडेसत्तावीस लाखांवर आली. उपासमार आणि तिच्या पाठोपाठ येणारे रोग यांनी त्या दशकात गावेच्या गावे पोखरली. हे सारे डेबूजींच्या ऐन पंचविशीत घडले. त्यांच्या पुढील आयुष्याचा विचार करताना ही पार्श्वभूमी सहसा कोणी सांगत नाही, याचे नवल वाटते.

बंडाची पहिली खूण दिसली ती घरच्याच मांडवात. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू आणि मटण घालण्याचा रिवाज होता. डेबूजींनी त्या दिवशी पंगतीत गोडाधोडाचे जेवण वाढले. मंडळी रुसली, कुजबुजली आणि अखेर जेवून गेली. 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी पत्नी कुंताबाई आणि मुलेबाळे मागे ठेवून घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती काठी आणि एक मडक्याचे खापर. त्या गाडग्यातच भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे. लोकांनी मग त्यांचे नावच गाडगेबाबा करून टाकले.

दिवसाचा क्रम ठरलेला असे. गावात शिरायचे ते हाती खराटा घेऊन. रस्ते, नाल्या, देवळाचे आवार झाडायचे. दिवसभर हा वेडा कोण, म्हणून गाव हसे. रात्री त्याच्याच कीर्तनाला गोळा होई. कीर्तनात पुराणातल्या कथा फारशा नसत. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याकडूनच काढून घेत. दारू सोडा, कर्ज काढून लग्न करू नका, नवसाला बकरे कापू नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शाळेत घाला, हेच त्यांचे विषय. पाया पडायला येणाऱ्यावर काठी उगारायलाही ते कमी करीत नसत. कीर्तन संपले, की सत्कार होण्याआधीच ते पुढच्या गावाची वाट धरीत.

पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनला पौष महिन्यात यात्रा भरते. तेथे चिखलात घसरून यात्रेकरू पडत. बाबांनी आधी स्वतः दगड-माती वाहिली आणि नंतर लोकवर्गणीतून घाट उभा राहिला. पंढरपूरचा प्रश्न याहून बिकट होता. लाखोंची वारी आणि पटकी यांचे नाते जुने होते. सरकार यात्राकर घेई, साथ आली की निर्बंध घाली. पण वारकऱ्याने झोपायचे कोठे, शौचाला जायचे कोठे आणि प्यायचे काय, या प्रश्नांची उत्तरे निर्बंधांत नव्हती. त्यातही ज्याला सार्वजनिक धर्मशाळेचा उंबरठाच बंद, त्याने तर वाळवंटातच पडून राहायचे. बाबांनी प्रथम त्याच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची ती वास्तू पुढे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. देवळे बांधण्यासाठी मात्र त्यांनी हात पसरले नाहीत.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा याच दृष्टीतून आली. खेड्यातला रोगी रुग्णालयात दाखल होतो, त्याला खाट मिळते. त्याच्या सोबतच्या बाईला फुटपाथ मिळतो. शासनाच्या आरोग्यखात्याने त्या बाईचा हिशेब कधी धरला नव्हता. पुढे कर्करोगाच्या रुग्णांसाठी अनुयायांनी दादरला काढलेली धर्मशाळा हा त्याच कामाचा विस्तार होय.

इतक्या इमारती उभारणाऱ्या बाबांनी स्वतःच्या कुटुंबाला त्यांत वाटा दिला नाही. कुंताबाई झोपडीत राहिल्या. या कठोरपणाची किंमत बाबांनी नव्हे, तर त्या माउलीने मोजली, हेही नमूद केले पाहिजे. 1923 मध्ये एकुलता एक मुलगा गोविंदा गेला. ती वार्ता खारेपाटणला कीर्तन सुरू असतानाच आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही.

1952 मध्ये साऱ्या संस्थांची व्यवस्था गाडगे महाराज मिशनकडे गेली. 6 डिसेंबर 1956 रोजी डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, 20 डिसेंबरला, आजारी बाबांना मोटारीने अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी प्राण सोडला. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे.

शासनाने 2000-01 पासून त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावे स्पर्धेत उतरली, भिंती रंगल्या, बक्षिसे वाटली गेली. 1983 मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला 2005 मध्ये त्यांचे नाव मिळाले. विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राच्या उत्तर टोकाला मेळघाट आहे. तेथील कोरकू बाई उन्हाळ्यात आजही हंडा घेऊन विहिरीत उतरते.