आजी-आजोबांना गोवर का झाला नाही?

एकदा गोवर येऊन गेला की पुन्हा येत नाही, असं आपल्याकडच्या जुन्या बायका सांगतात. ते किती खरं आहे, हे माणसं मोजून दाखवलं एका पंचविशीतल्या डॉक्टरने. त्यांचं नाव पीटर लुडविग पानूम.

पानूम यांचा जन्म १८२० चा, डेन्मार्कमधला. नुकतेच डॉक्टर झाले होते आणि १८४६ साली सरकारने त्यांना फेरो बेटांवर धाडलं. ही बेटं समुद्रात खूप दूर, स्कॉटलंडच्याही वर. तिथे गोवराची मोठी साथ आली होती. झालं असं, की मार्च महिन्यात कोपनहेगनहून एक सुतार बोटीने तिथे आला आणि सोबत गोवर घेऊन आला. बेटांवरची वस्ती होती ७,७८२. त्यातली ६,००० हून जास्त माणसं आजारी पडली! लहान मुलंच नव्हे, तर चांगले बाप्येसुद्धा. घरात पाणी द्यायलाही कुणी उभं नाही, अशी गत.

असं का झालं? कारण याआधी गोवर तिथे आला होता तो १७८१ मध्ये. मधली ६५ वर्षं कुणाला त्याचा वाराही लागला नव्हता.

त्या काळी रक्त तपासायची सोय नव्हती. गोवराचा विषाणू तर कुणाला ठाऊकच नव्हता. पानूम यांनी साधा मार्ग धरला. घरोघर जायचं, विचारायचं आणि लिहून ठेवायचं. ४ जूनला एका खेड्यातले १० जण वेस्टमन्ना इथे देवमाशांच्या शिकारीला गेले होते. १८ जूनला दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठलं. अशा तारखा जुळवत त्यांनी सांगितलं, की लागण झाल्यापासून पुरळ यायला साधारण १३-१४ दिवस लागतात.

मग ते म्हाताऱ्या माणसांकडे वळले. लहानपणी, १७८१ च्या साथीत गोवर झालेले ९८ आजी-आजोबा त्यांना भेटले. त्यांच्यापैकी एकालाही या वेळी गोवर झाला नाही. उलट तेव्हा ज्यांना झाला नव्हता, असे म्हातारे मात्र आता आजारी पडले. म्हणजे वयामुळे नव्हे, तर आधी येऊन गेलेल्या आजारामुळे शरीर तयार झालं होतं, आणि ते ६५ वर्षं टिकलं होतं!

पुढे पानूम कील आणि मग कोपनहेगनला प्राध्यापक झाले, नावाजले. १८८५ मध्ये ते गेले. कोपनहेगन विद्यापीठातली एक इमारत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

मैत्रिणींनो, आजार अंगावर काढून मिळणारं हे संरक्षण फार महाग पडतं. न्यूमोनिया, मेंदूला सूज, कधी जीवही जातो. १९६३ पासून लस मिळू लागली आणि ते संरक्षण सुईतून मिळायला लागलं. पण मोहिमेत किती मुलांना सुई टोचली, एवढं मोजून भागत नाही. किती मुलांच्या अंगात शक्ती तयार झाली, तेही पाहावं लागतं. आईकडून आलेलं संरक्षण बाळाच्या अंगात अजून असेल, किंवा लस नीट थंड ठेवलेली नसेल, तर सुई वाया जाऊ शकते. म्हणून मोहिमेनंतर काही मुलांच्या रक्ताचे नमुने घेऊन त्यातली प्रतिपिंडं तपासतात. पानूम जे विचारून शोधत होते, तेच आता रक्तातून कळतं.

नवव्या महिन्यात दिलेल्या पहिल्या डोसने १०० पैकी साधारण ८५ बाळांना संरक्षण मिळतं. उरलेल्यांसाठी १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस असतो. गावात साथ पसरू नये, तर १०० पैकी ९५ जण तरी सुरक्षित हवेत. आपल्या महाराष्ट्रात २०१८ मध्ये ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी मोठी मोहीम झाली. तरीही २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला, तसंच मालेगाव, भिवंडीला साथ आलीच. लस राहून गेलेली मुलं त्यात बरीच होती, आणि काही लेकरं दगावलीही.

तेव्हा आज बाळाचं लसीकरणाचं कार्ड काढा आणि दुसऱ्या डोसचा रकाना तेवढा बघा. रिकामा असेल तर आशाताईंना विचारा. उशीर झाला असला तरी त्या डोस कुठे, कधी मिळेल ते सांगतील.