रविवारची सुट्टी मिळवून देणारा संपादक : खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे नारायण मेघाजी लोखंडे

रविवार उजाडला की शाळा बंद, बँक बंद, तालुक्याचं ऑफिस बंद. मुंबईच्या गिरणी कामगाराला ही सुट्टी कुणी फुकटात दिली नव्हती. तिच्यामागे एका मराठी वर्तमानपत्राच्या संपादकाची दहा वर्षांची खटपट आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचं नाव. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील कन्हेरसरचं, जन्म मात्र ठाण्यात, 1848 साली.

घरची परिस्थिती बेताची. शिक्षण झाल्यावर रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी केली आणि नंतर मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. ही नोकरी महत्त्वाची ठरली, कारण कामगाराचे हाल त्यांना तिथे रोज डोळ्यांसमोर दिसत होते. तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे तेरा-चौदा तास उभं राहायचं. सुट्टीचा ठरलेला वार नाही. गिरणी बंद असली तरी यंत्रं पुसायला बोलावणं यायचं. पगार महिना महिना अडकून पडायचा आणि तोवर वाणी-सावकाराच्या उधारीवर चूल पेटायची. हात यंत्रात सापडला तर भरपाईचं नावच नको.

1881 मध्ये सरकारने पहिला कारखाना कायदा केला. त्यात सात वर्षांखालील मुलांना कामावर घ्यायला बंदी आली, बारा वर्षांखालील मुलांना नऊ तासांची मर्यादा आली. मोठ्या माणसांसाठी आणि बायांसाठी त्यात काहीच नव्हतं.

लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये पुण्यात काढलेलं ‘दीनबंधु’ पैशाअभावी अडचणीत आलं, तेव्हा 1880 मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत आणून चालवायला घेतलं. म्हणजे ‘केसरी’ निघण्याच्या एक वर्ष आधी. शेतकरी आणि कामगारांचे पोटापाण्याचे प्रश्न या साप्ताहिकात येऊ लागले.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवण्यासारखी नाही. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 मध्ये ‘दीनबंधु’त छापायला सुरुवात झाली, पण दोन भागांनंतर छपाई थांबली. जोतीराव त्यावर चांगलेच नाराज झाले आणि छापणाऱ्याच्या भित्रेपणावर त्यांनी बोट ठेवलं. शेतकऱ्याची बाजू मांडणारं पत्र शेतकऱ्यावरच्याच पुस्तकापाशी कचरलं, हे लोखंड्यांच्या खात्यातलं उणं म्हणावं लागेल.

पुढच्याच वर्षी मात्र ते उघड मैदानात आले. सप्टेंबर 1884 मध्ये परळला सुपारीबागेत त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या. आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, मागचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, आणि अपघात झाला तर भरपाई, अशा मागण्यांचा अर्ज तयार झाला. त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. याच वेळी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली. तिला आजच्या युनियनसारखी वर्गणी, पावत्या, नियम असं काही नव्हतं, म्हणून काही अभ्यासक तिला खरी युनियन मानत नाहीत. न मानोत. अर्ज कुणी लिहायचे, सभा कुणी भरवायच्या, हे कामगाराला ठाऊक होतं.

मालक आणि सरकार लगेच हलले नाहीत. सहा वर्षं गेली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर सभा झाली, दहा हजार कामगार जमले. त्यात दोन कामगार बायांनीही भाषण केलं. त्या काळात भर सभेत बाई बोलायला उभी राहणं म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, बायांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली, दुपारचा अर्धा तासही आला.

1893 मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली, तेव्हा लोखंड्यांनी राणीच्या बागेत सलोख्याची सभा घडवून आणली. सरकारने रावबहादूर किताब दिला.

मग 1896 मध्ये प्लेग आला. गिरण्या ओस पडू लागल्या, कामगार बोचकी बांधून गावाकडे निघाले. लोखंडे मुंबईतच राहून आजाऱ्यांच्या सेवेत गुंतले आणि 9 फेब्रुवारी 1897 ला त्याच प्लेगने गेले. वय पन्नासही नव्हतं. त्यानंतर महिन्याभरात सावित्रीबाई फुलेही याच साथीत गेल्या.

‘दीनबंधु’ मात्र बंद पडला नाही. वासुदेवराव बिर्जे यांनी तो चालवला आणि ते गेल्यावर त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे संपादकाच्या खुर्चीत बसल्या. लोखंड्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघायला 2005 साल उजाडावं लागलं.