दीनबंधु अँड्रूज : शाळेतील परदेशी सेवक

परक्या देशात जाऊन तेथील लोकांस शिकविणारे पुष्कळ झाले. परंतु परक्या देशाच्या शाळेत पाहुणा म्हणून जाऊन तेथल्याच माणसांच्या हाताखाली आनंदाने राबणारे विरळा. चार्ल्स फ्रीअर अँड्रूज हे अशा विरळा पुरुषांपैकी एक होत. त्यांचे चरित्र आमच्या गावोगावच्या बंधुभगिनींनी, विशेषेकरून उपदेशकांनी व शाळामास्तरांनी, लक्षपूर्वक वाचावे असे आहे.

त्यांचा जन्म इंग्लंडच्या उत्तर भागी न्यूकॅसल शहरात १२ फेब्रुवारी १८७१ रोजी झाला. वडील एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे सेवक होते. पुढे हे कुटुंब बर्मिंगहॅम येथे जाऊन राहिले. घरचा पैसा ज्या मित्रावर विश्वासून ठेविला होता त्याने तो घालविला, आणि कुटुंबावर गरिबी ओढवली. तरी वडिलांनी सूडाचा विचार मनात आणिला नाही. घरच्या उपासनेत त्यांनी त्याच मित्रासाठी प्रार्थना केली. ही गोष्ट बालक चार्ल्सच्या अंतःकरणावर कायमची कोरली गेली.

१८९० साली ते केंब्रिज येथे विद्याभ्यासास गेले. नंतर लंडनमधील वॉलवर्थ ह्या दरिद्री वस्तीत त्यांनी सेवा केली, व १८९७ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांचा जिवलग मित्र बेसिल वेस्टकॉट हा हिंदुस्थानात सेवा करीत असता १९०० साली पटकीने मरण पावला. मित्राची ती रिकामी जागा त्यांस हाक मारू लागली, आणि मार्च १९०४ मध्ये ते दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात अध्यापक म्हणून येऊन दाखल झाले.

येथे त्यांची पहिली कसोटी झाली. १९०६ साली कॉलेजच्या मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. त्या काळी अशा जागेवर गोरा मनुष्यच बसावयाचा, असा रिवाज होता. सुशीलकुमार रुद्र हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ त्या कॉलेजात कित्येक वर्षे शिकवीत होते. परंतु हिंदी मनुष्याच्या हाताखाली कारभार नीट चालेल की नाही, अशी वरिष्ठांपैकी काहींस शंका होती. अँड्रूज साहेबांनी आग्रह धरिला की, मान रुद्रांचाच आहे, तो त्यांसच मिळावा. तसेच झाले. मग स्वतः इंग्रज असून ते रुद्रांच्या हाताखाली काम करू लागले, व दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

१९१२ साली लंडन येथे कविवर्य रवींद्रनाथ ठाकूर ह्यांची व त्यांची गाठ पडली. रवींद्रनाथांनी बंगालात बोलपूरजवळ शांतिनिकेतन येथे १९०१ साली एक शाळा काढिली होती. तेथे मुले झाडाखाली आसने घालून धडे घेत. ह्या शाळेत जाऊन राहावे असे अँड्रूज साहेबांच्या मनाने घेतले. परंतु त्यापूर्वी नामदार गोखले ह्यांच्या सांगण्यावरून ते आपले मित्र विल्यम पिअर्सन ह्यांजबरोबर दक्षिण आफ्रिकेस गेले. जानेवारी १९१४ मध्ये डरबनच्या बंदरावर त्यांनी वाकून गांधीजींच्या पायांस स्पर्श केला. तेथील गोऱ्या लोकांस ह्याचा मोठा राग आला. त्याच दिवसांत इंग्लंडात त्यांची आई वारली. तिचे शेवटचे दर्शन त्यांस घडले नाही.

त्याच वर्षी मिशनचा आधार सोडून ते शांतिनिकेतनात राहावयास गेले. पिअर्सनही तेथे होते. तेथे त्यांचा अधिकार काहीच नव्हता. शाळा दुसऱ्याची, भाषा दुसऱ्याची, धर्माची रीतही दुसऱ्याची. मुलांस शिकवावे, त्यांच्यात राहावे, हेच त्यांचे काम. आफ्रिकेतील गांधीजींच्या फिनिक्स आश्रमाची मुले हिंदुस्थानात आली तेव्हा अँड्रूज साहेबांच्या खटपटीने त्यांस ह्याच शाळेत आसरा मिळाला. पुढे गांधीजी स्वतः तेथे आले, आणि १० मार्च १९१५ रोजी शिक्षक व विद्यार्थी ह्यांनी स्वयंपाक, भांडी व झाडलोट ही सर्व कामे आपल्या हाती घेतली. पिअर्सन त्यात मनापासून राबले. ती व्यवस्था फार दिवस चालली नाही, परंतु तो दिवस तेथे आजही दरवर्षी पाळितात.

त्याच उन्हाळ्यात अँड्रूज साहेबांस पटकी झाली. देवाच्या दयेने ते वाचले. बरे होताच वर्षअखेरीस ते फिजी बेटांकडे निघाले. तेथे उसाच्या मळ्यांत आमचे देशबांधव पाच वर्षांच्या गिरमिटाने बांधलेले होते. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया, असे प्रमाण सरकारने ठरविलेले. त्यातून कुटुंबांची कशी धूळधाण झाली ती त्यांनी डोळ्यांनी पाहून जगापुढे मांडिली. १९१७ साली ते पुन्हा तेथे गेले. अखेर १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील गिरमिट संपले. लोक त्यांस दीनबंधु म्हणू लागले.

त्यांच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. एका जागी फार काळ राहणे त्यांस साधले नाही. दुःखिताची हाक ऐकली की शाळा सोडून ते निघत. पंथाच्या काही मतांविषयी शंका आल्यामुळे १९१४ नंतर बरीच वर्षे त्यांनी पाळकाचे काम केले नाही, आणि मिशनच्या पुष्कळ लोकांस हे रुचले नाही. परंतु ख्रिस्तावरील त्यांची प्रीती ढळली नाही. १९३२ साली आपण ख्रिस्ताचे किती ऋणी आहो हे सांगणारा ग्रंथ त्यांनी लिहिला, आणि उतारवयात पाळकाची सेवा पुन्हा स्वीकारिली. ५ एप्रिल १९४० रोजी कलकत्ता येथे ते प्रभूमध्ये निजले. त्यांची कबरही त्याच शहरात आहे.

प्रिय वाचकहो, आपणांपैकी कित्येकांस परक्या गावी शाळा चालवावी लागते किंवा वचन सांगावे लागते. तेथे आपण जातो तेव्हा खुर्ची शोधितो की काम शोधितो? गावातील एखादा बंधु आपल्याहून त्या कामास योग्य असेल, तर त्यास पुढे करून आपण मागे बसू शकतो काय? ज्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या सेवकास हा प्रश्न चुकत नाही. अँड्रूज साहेबांनी त्याचे उत्तर आपल्या वर्तनाने दिले. आपणही आपापल्या गावी ते द्यावे.