दगडांतील शंखांचे अभ्यासक : स्टीफन हिस्लॉप

यवतमाळ जिल्ह्यातून प्रवास करताना टेकड्यांच्या उतारांवर, नाल्यांच्या पात्रांत आणि विहिरींच्या पोटात जिकडे तिकडे काळा कातळ दृष्टीस पडतो. अतिप्राचीन काळी भूमीच्या भेगांतून बाहेर आलेला लाव्हारस थंड होऊन हा कातळ बनला आहे. वणीच्या बाजूस गेले, म्हणजे निराळेच खडक लागतात; ते वाळूचे असून त्यांच्या सान्निध्यात दगडी कोळसा सापडतो. नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतही हे दोन्ही प्रकारचे खडक आहेत. लक्षावधी वर्षांपूर्वीच्या जीवसृष्टीच्या खुणा त्यांत जपून राहिल्या आहेत. त्या खुणा प्रथम धीराने शोधून जगापुढे मांडणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप यांची गणना होते.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. किडे, दगड आणि वनस्पती गोळा करण्याचा नाद त्यांना लहानपणापासूनच होता. पुढे ते ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले आणि इ. स. १८४५ मध्ये पत्नीसह नागपुरास आले. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. हिस्लॉप यांनी मराठी भाषा आत्मसात केली, मुलांसाठी शाळा काढली आणि गावोगाव हिंडण्यास आरंभ केला. गोंड लोकांच्या चालीरीती व भाषा यांचाही त्यांनी अभ्यास केला. पुढे रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी म्हणून आले. या दोघांनाही दगडमातीचे विलक्षण वेड होते.

इ. स. १८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळी गावाच्या परिसरात फिरत असताना त्यांना एका दगडात शंखाचा आकार दिसला. त्यांनी आसपास शोध घेतला, तेव्हा असे कितीतरी दगड मिळाले. कोणात शंख होते, कोणात शिंपले, कोणात फळे आणि बिया, तर कोणात लहानशा किड्यांचे पंख. अशा अश्मीभूत अवशेषांना आपण जीवाश्म म्हणतो. तेथून समुद्र तर शेकडो मैल दूर. मग हे शंख येथे आले कसे?

या प्रश्नाचे उत्तर शंखांच्या ठेवणीतच दडलेले होते. शंखातील प्राण्याचे मऊ शरीर केव्हाच कुजून गेलेले असते; उरते ते केवळ कठीण कवच. तेव्हा ओळख पटवायची ती त्या कवचावरूनच. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरले, तर बहुतेक शंखांचे तोंड उजवीकडे येते. टाकळीच्या दगडांत मात्र पुष्कळशा शंखांचे तोंड डावीकडे होते. ही ठेवण फायसा नावाच्या गोड्या पाण्यातील गोगलगाईची होती. डॉ. माल्कमसन नावाच्या एका संशोधकाला पूर्वी दख्खनच्या काळ्या कातळाच्या प्रदेशात असेच शंख मिळाले होते आणि त्या जातीचे नावही ठरलेले होते. सोबतचे शिंपलेही नदीतळ्यांत राहणाऱ्या प्राण्यांचेच होते. यावरून असा उलगडा झाला, की येथे समुद्र नव्हता, तर गोड्या पाण्याची तळी होती. लाव्हारसाचा एक थर पसरून निवाला, की पुढचा थर येईपर्यंत दीर्घ काळ जाई. मधल्या काळात सखल जागी पाणी साचे, काठाने झाडे वाढत आणि गाळात शंखशिंपले साठत. मग पुन्हा लाव्हारस येई आणि ते सारे त्याखाली गाडले जाई.

परंतु सगळेच शंख पूर्वी कोणी पाहिलेले नव्हते. एखादा शंख नव्या जातीचा आहे असे म्हणणे सोपे नसते. त्याची लांबीरुंदी मोजावी लागते, वेढे मोजावे लागतात, तोंडाचा आकार आणि पृष्ठावरील रेषा पाहाव्या लागतात. नंतर ज्ञात असलेल्या प्रत्येक जातीशी त्याची तुलना करावी लागते. एकाच नमुन्यात दिसणारा फरक हा मोडतोडीने किंवा वयोमानानेही पडलेला असू शकतो. म्हणून अनेक नमुने ताडून पाहावे लागतात. हिस्लॉप यांनी हे काम चिकाटीने केले. इ. स. १८६० मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी अनेक नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांतील एका शिंपल्याला त्यांनी माल्कमसन यांचे, तर दुसऱ्याला आपले सहकारी हंटर यांचे नाव दिले. आपल्या आधी वाट दाखविणाऱ्याचा आणि सोबत चालणाऱ्याचा त्यांना विसर पडला नाही.

ज्या विषयात आपले ज्ञान अपुरे आहे, तेथे ते तज्ज्ञांचे साहाय्य घेत. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवरील मांगली येथून मिळालेली एक कवटी इंग्लंडला रिचर्ड ओवेन या विख्यात प्राणिशास्त्रज्ञाकडे गेली. ती बेडकासारख्या उभयचर वर्गातील एका नामशेष प्राण्याची आहे, हे ओवेन यांनी ओळखले आणि रुंद डोके असा अर्थ असलेले नाव त्या जातीला दिले. कामठीकडील वाळूच्या खडकांतील जिभेच्या आकाराची पानेही अशाच रीतीने विलायतेतील वनस्पतिशास्त्रज्ञाकडून तपासली गेली.

हिस्लॉप यांचे सर्वच अनुमान खरे ठरले असे नाही. टाकळीचे थर त्यांनी पृथ्वीच्या इतिहासातील तृतीयक नावाच्या कालखंडातील मानले. आज शास्त्रज्ञ हा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्या कालखंडाच्या उंबरठ्यावरचा, समजतात. तथापि प्रत्येक अवशेष कोठे मिळाला, हे त्यांनी लिहून ठेवले होते. म्हणूनच पुढच्या संशोधकांना त्यांचे काम पुन्हा तपासता आले.

इ. स. १८६३ च्या सप्टेंबरात ते सर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाट येथे गेले. तेथे प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन चालू होते. परत निघताना गावची शाळा तपासण्यासाठी हिस्लॉप मागे राहिले आणि अंधार पडल्यावर एकटेच घोड्यावरून बोरीकडे निघाले. पावसाने वाटेतील ओढा फुगला होता. मुक्कामावर घोडा तेवढा परतला. स्वार आला नाही. ४ सप्टेंबर १८६३ च्या त्या रात्री हिस्लॉप यांना पाण्यात मृत्यू आला. त्यांच्या वयाला ४६ वर्षे पूर्ण होण्यास अवघे चार दिवस उरले होते.

नागपुरात इ. स. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयाला हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले. टाकळी येथे मिळालेल्या एका हिरवट खनिजालाही हिस्लॉपाइट असे नाव आहे. विदर्भातील एखाद्या नाल्याच्या काठी शंखाचा आकार असलेला दगड आपल्या हाती आला, तर तो फेकून देऊ नये. त्याचे तोंड डावीकडे आहे की उजवीकडे ते पाहावे, आणि तो कोठे सापडला याची वहीत नोंद करावी. हिस्लॉप यांच्या संशोधनाची सुरुवात अशीच झाली होती.