सांध्याचा माणूस : जॉर्ज स्टीफन्सन

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवण्याचा दिवस म्हणजे पूर्वी खेड्यातल्या मुलांना एक उत्सवच असे, असे माझे आजोबा सांगतात. लोहार धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करी. मग ती शेणकुटांच्या आगीत लालबुंद तापवी. तापली की ती पसरे. तशीच चिमट्यांनी उचलून ती लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. चर्र आवाज होऊन धाव आकसे आणि चाकाला अशी आवळून बसे की वर्षानुवर्षे निखळत नसे. लोखंड उष्णतेने वाढते आणि थंडीने आकसते, हे कोणत्याही शाळेत न जाता त्या लोहाराला ठाऊक होते.

रेल्वेचा रूळही लोखंडाचाच. तो ऊन, पाऊस, थंडी अंगावर घेत उघड्यावर पडलेला असतो. स्टेशनातल्या बाजूच्या जुन्या लाईनीवर नीट पाहिले तर दोन रुळांच्या टोकांमध्ये एक बारीकशी फट दिसते. लहानपणी मला वाटे, रूळ कमी पडला असेल! पुढे कळले की ती फट चुकून राहिलेली नाही, मुद्दाम ठेवलेली आहे. ती नसती तर वैशाखाच्या उन्हात रुळांनी पाय पसरायचे कुठे? या सांध्याची कथा शोधू लागलो तेव्हा एक ओळखीचे नाव पुढे आले, जॉर्ज स्टीफन्सन. आपण त्याला आगगाडीचा जनक म्हणून ओळखतो. पण इंजिनाइतकेच लक्ष त्याने रुळाकडे दिले होते, आणि त्याच्या मनाचा मोठेपणा मला इंजिनापेक्षा रुळाच्या प्रकरणात अधिक दिसला.

जॉर्जचा जन्म ९ जून १७८१ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसलजवळ वायलम या खाणींच्या गावात झाला. बाप कोळशाच्या खाणीवरील पाणी उपसण्याच्या इंजिनात कोळसा घालणारा मजूर. आई-बाप दोघेही निरक्षर. घरासमोरूनच लाकडी रुळांचा रस्ता जाई व त्यावरून घोडे कोळशाच्या गाड्या ओढत नेत. शाळेचे तोंड जॉर्जने पाहिले नाही. सतरा-अठराव्या वर्षी तो इंजिन चालवू लागला, पण त्याला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. मग मात्र दिवसभर राबून रात्रीच्या शाळेत जाऊन तो लिहायला, वाचायला व हिशेब करायला शिकला. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून तो लोकांचे जोडे शिवी आणि घड्याळे दुरुस्त करी.

संसारात त्याला सुख फार थोडे मिळाले. १८०२ मध्ये लग्न झाले, १८०३ मध्ये रॉबर्ट हा मुलगा झाला. पुढे एक मुलगी जन्मली, ती काही आठवड्यांतच गेली, आणि १८०६ मध्ये पत्नीही क्षयाने वारली. जॉर्ज कामासाठी स्कॉटलंडला गेला. परत आला तो बाप अपघातात आंधळा झालेला पाहायला. अशा दिवसांतही त्याने एक निश्चय सोडला नाही. आपल्याला जे मिळाले नाही ते रॉबर्टला मिळाले पाहिजे. रॉबर्टला त्याने न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातले. संध्याकाळी मुलगा पुस्तके घेऊन घरी येई आणि बाप त्याच्याजवळ बसून तेच धडे शिकत असे. मुलाकडून शिकण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

किलिंगवर्थच्या खाणीवरील एक बंद पडलेले इंजिन त्याने १८११ मध्ये दुरुस्त करून दाखवले व पुढच्याच वर्षी तो तेथील यंत्रांचा प्रमुख झाला. १८१४ मध्ये त्याचे पहिले वाफेचे इंजिन रुळांवर धावले. सुमारे ३० टन कोळसा ते ताशी ४ मैलांच्या वेगाने चढावर ओढी. वेग माणसाच्या चालीएवढाच, पण घोड्याचे युग संपत आल्याची ती सूचना होती.

येथे खरी अडचण पुढे आली. इंजिन जड आणि रूळ बिडाचे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते टणक खरे, पण ठिसूळ. रूळ जेमतेम तीन-चार फूट लांबीचे असत व त्यांची टोके समोरासमोर आणून दगडी ठोकळ्यांवरच्या लोखंडी बैठकीत ठेवलेली असत. एखादा ठोकळा जरा कलला की एका रुळाचे टोक वर येई. चाक त्यावर आदळे, रूळ तुटे, इंजिन खिळखिळे होई. इतर लोक इंजिनाला दोष देत. स्टीफन्सन म्हणू लागला की इंजिन आणि रूळ ही नवरा-बायकोसारखी जोडी आहे, एकाचा विचार सोडून दुसऱ्याचा करता येणार नाही.

१८१६ मध्ये विल्यम लॉश या कारखानदाराबरोबर त्याने एक पेटंट घेतले. त्यात इंजिनाला धक्के कमी बसावेत अशा युक्त्या होत्या आणि रुळाचा नवा सांधाही होता. रुळांची टोके सरळ न कापता ती अर्धी-अर्धी अशी कापली की एका रुळाचे टोक दुसऱ्याच्या टोकाला कडेने बिलगून बसे. त्यामुळे चाकाला पहिला रूळ सोडण्याआधीच दुसऱ्याचा आधार मिळू लागला. आदळणे कमी झाले. लॉशच्या कारखान्यात हे रूळ तयार होऊ लागले. आठवड्यातले दोन दिवस तेथे काम करण्याबद्दल स्टीफन्सनला वर्षाला १०० पौंड मिळत, शिवाय पेटंटच्या नफ्यात वाटा होता.

आता वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला रस वाटावा असा प्रसंग येतो. १८२० मध्ये जॉन बर्किनशॉ याने बेडलिंग्टनच्या कारखान्यात घडीव लोखंडाचे रूळ लाटून काढण्याची रीत शोधली. हे रूळ १५ फूट लांब करता येत, आणि ते बिडासारखे तुटत नसत. १८२१ मध्ये स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेला मंजुरी मिळाली व स्टीफन्सन तिचा इंजिनिअर झाला. कोणते रूळ घ्यावेत, असे संचालकांनी त्याला विचारले. बिडाचे रूळ टनामागे स्वस्त होते आणि त्यांचे पेटंट त्याच्या स्वतःच्या नावावर होते. त्याने नुसती मान हलवली असती तरी खिशात नफा पडला असता. पण त्याने घडीव लोखंडाच्या रुळांची शिफारस केली.

साधा हिशेब करून पाहा. मैलात ५,२८० फूट असतात. तीन फुटी रूळ असतील तर एका बाजूला १,७६० सांधे येतात. पंधरा फुटी असतील तर ३५२. जेथे सांधा तेथे धक्का, आणि जेथे धक्का तेथे झीज. स्टीफन्सनचा सांधा चांगला होता, पण सांधेच कमी करणे अधिक चांगले होते. हे त्याला दिसले आणि त्याने ते उघड मान्य केले. लॉश संतापला. त्यांची मैत्री तुटली ती कायमचीच. तरी स्टीफन्सनला अगदी संत ठरवण्याचे कारण नाही. बेडलिंग्टनचा मायकेल लाँगरिज १८२३ मध्ये त्याच्या इंजिनाच्या कारखान्यात भागीदार झाला, म्हणजे एका दाराने गेलेले थोडेफार दुसऱ्या दाराने आलेही असेल. पण शिफारस केली त्या दिवशी खर्चाची बाजू निश्चित होती आणि जमेची नव्हती. २७ सप्टेंबर १८२५ रोजी ती रेल्वे सुरू झाली. तिचा बराचसा मार्ग घडीव लोखंडाचा होता.

त्याच वर्षी त्याच्या वाट्याला मोठी मानहानी आली. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या विधेयकासाठी पार्लमेंटच्या समितीपुढे त्याची साक्ष झाली. हाताखालच्या लोकांनी केलेल्या मोजणीत चुका निघाल्या. नामांकित वकिलांनी त्याला धारेवर धरले. त्याच्या खेडवळ उत्तरी बोलीची थट्टा झाली. विधेयक फेटाळले गेले आणि त्याला कामावरून दूर केले गेले. मराठी माध्यमातून येऊन तोंडी परीक्षेत इंग्रजी शब्द शोधताना ज्यांच्या तोंडाला कोरड पडली आहे, त्या आम्हा मुलांना त्या माणसाची अवस्था वेगळी सांगायला नको! पण पुढच्या वर्षी दुसऱ्यांच्या मोजणीवर विधेयक मंजूर झाले तेव्हा काम करून घेण्यासाठी संचालकांना पुन्हा त्यालाच बोलवावे लागले. चॅट मॉस नावाच्या दलदलीवर त्याने झाडाझुडपांच्या जुड्या पसरून रेल्वे तरंगती नेली. १८२९ मध्ये रेनहिलच्या शर्यतीत स्टीफन्सन पितापुत्रांचे ‘रॉकेट’ इंजिन जिंकले आणि १५ सप्टेंबर १८३० रोजी तो मार्ग सुरू झाला.

रूळ लांब झाले तसा उष्णतेचा प्रश्न मोठा होत गेला. तापमानात ४० अंश सेल्सिअसचा फरक पडला तर तीन फुटी रूळ अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. पंधरा फुटी सुमारे २ मिलिमीटर वाढतो आणि आपल्याकडचा १३ मीटरचा रूळ सुमारे ६ मिलिमीटर. मैलभर अखंड रूळ मोकळा ठेवला तर तो जवळजवळ पाऊण मीटर वाढेल. वाढीला जागा न दिल्यास रूळ बाजूला वाकतो आणि गाडी घसरते. जागा फार दिली तर चाक आदळून टोके झिजतात. या दोन्हींतून वाट काढली विल्यम ब्रिजेस ॲडम्सने १८४७ मध्ये फिशप्लेटचा सांधा शोधून. दोन रुळांच्या कमरेला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावायच्या, बोल्ट आवळायचे, पण भोके बोल्टपेक्षा जरा मोठी ठेवायची. मग रूळ एकमेकांना सोडत नाहीत आणि तरीही पुढेमागे सरकू शकतात. पुढच्याच वर्षी, १२ ऑगस्ट १८४८ रोजी, चेस्टरफील्ड येथे जॉर्ज स्टीफन्सनचे निधन झाले.

त्याचा आपल्याशी संबंध त्याच्या मुलाकडून येतो. रॉबर्ट स्टीफन्सन हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा सल्लागार इंजिनिअर होता. त्याच्याच हाताखाली तयार झालेला जेम्स बर्कली मुंबईला मुख्य इंजिनिअर म्हणून आला आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची पहिली प्रवासी गाडी धावली. मुलाशेजारी बसून धडे गिरवणाऱ्या त्या खाणमजुराची विद्या अशी सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन पोचली.

आता मोठ्या मार्गांवर रूळ वितळजोड करून लांबच लांब केलेले असतात. स्लीपर आणि खडी त्यांना घट्ट धरून ठेवतात, म्हणून मधला भाग सरकत नाही. त्यामुळे गाडीचा तो जुना खटक-खटक ताल पुष्कळ ठिकाणी ऐकू येत नाही. पण अशा लांब रुळांची टोके मात्र हलतात. तेथे विशेष सांधा बसवतात. त्यात निमुळते केलेले एक टोक दुसऱ्या रुळाला कडेने बिलगून सरकते, आणि चाकाला एकाचा आधार सुटण्याआधी दुसऱ्याचा मिळतो. दोनशे वर्षांपूर्वी स्टीफन्सनने बिडाच्या रुळांना हीच युक्ती केली होती. ज्या रुळांचा पक्ष त्याने स्वतःच सोडला ते भंगारात गेले, पण त्यांच्या सांध्यामागचा विचार टिकला.

आपण हुशारी म्हणतो ती बहुधा आपले म्हणणे धरून ठेवण्याची असते. स्वतःच्या नावाचे पेटंट हातात असताना दुसऱ्याचा माल सरस आहे असे सांगणे याला निराळी हुशारी लागते. आपल्या मतालाही थोडी सरकायला जागा ठेवावी लागते. स्टीफन्सनने ती ठेवली होती, आणि म्हणूनच त्याची गाडी पुढे गेली.