स्वभावास औषध आहे : संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांचें चरित्र

स्वभावाला औषध नाहीं, अशी म्हण आपल्या घराघरांत ऐकूं येते. मूल हट्टी निघालें कीं तें आजोबांवर गेलें, आणि बिघडलें कीं संगत वाईट लाभली, असें म्हणून आईबाप स्वस्थ बसतात. मनुष्य घडतो तो जन्मजात गुणांनीं कीं संस्कारांनीं, हा वाद फार जुना आहे. ह्या ज्युबिलीच्या प्रसंगीं, आपलीं मुलेंबाळें पुढें कशीं घडतील ह्याचा विचार मनांत येत असतां, सौम्यपणाचा आदर्श मानलेल्या एका संताचें चरित्र डोळ्यांपुढें ठेवणें उपयुक्त होईल; कारण हे संत जन्मतः सौम्य मुळींच नव्हते.

फ्रान्सिसचा जन्म ता. २१ ऑगस्ट १५६७ रोजीं सॅव्हॉयच्या ड्यूकच्या राज्यांत, तोरां गांवाजवळच्या सेल्स गढींत झाला. हा डोंगराळ मुलूख आज फ्रान्स देशांत मोडतो. कुळ सरदाराचें, पिता करारी, माता कोवळ्या वयाची व भाविक. मूल दिवस भरण्याआधींच जन्मलें, म्हणून अशक्त. परंतु त्या अशक्त कुडींत राग मात्र दांडगा होता. आईनें त्याला प्रार्थना व गोरगरिबांची कणव शिकविली. बापाची रीत निराळी होती. लहानग्यानें एका कामकऱ्याच्या कपड्याची रंगीत दोरी उचलली, तेव्हां त्याला घरच्या माणसांदेखत फटके खावे लागले, असें चरित्रकार सांगतात. पुढें पॅरिस येथें येशूसंघीय गुरूंच्या हाताखालीं त्याचें शिक्षण झालें, आणि १५९१ सालीं पादुआ येथें तो कायद्याचा पंडित झाला.

एवढे उत्तम संस्कार लाभल्यावर तो सौम्य झाला ह्यांत नवल काय, असें कोणी म्हणेल. परंतु त्याच घरांत त्याचे भाऊहि वाढले, आणि त्यांचे स्वभाव एकमेकांसारखे नव्हते. बेलेचे बिशप कामू ह्यांनीं एक गंमत नोंदवून ठेविली आहे. फ्रान्सिस विनोदानें म्हणत कीं, तिघां भावांची मिळून एक चांगली कोशिंबीर होईल. झां-फ्रान्स्वा हा तिखट शिरका, लुई हें शहाणपणाचें मीठ, आणि स्वतः फ्रान्सिस तेल. पण हें तेल उपजत नव्हतें. तें घाण्यांतून निघालें होतें.

त्या घाण्याचा पहिला फेरा पॅरिसला झाला. सुमारें १५८६ सालीं ह्या विद्यार्थ्याला एका भयंकर शंकेनें ग्रासलें. मनुष्याचा मोक्ष वा नाश देवानें आधींच ठरविला आहे काय, हा वाद त्या काळीं गाजत होता. आणि आपण नाशासाठींच नेमलेले आहों, असें त्याच्या मनानें घेतलें. अन्न गोड लागेना, झोप येईना. कित्येक आठवडे हें दुःख सोसल्यावर तो एका देवळांत पवित्र मरियेच्या मूर्तीपुढें गुडघे टेकून बसला, आणि पुढें कांहींहि होवो, ह्या जन्मीं तरी देवावर प्रेम करावयाचें, असा त्यानें निश्चय केला. भीति गळून पडली. जें ठरलेलें असेल त्याची चिंता सोडून जें आपल्या हातीं आहे तें करीत राहावें, ही त्याच्या जीवनाची किल्ली त्याला येथें सांपडली.

बापानें योजिलेलें लग्न व मानाचें पद नाकारून १५९३ सालीं तो धर्मगुरु झाला. दुसऱ्याच वर्षीं फादर फ्रान्सिस शाब्ले प्रांतांत गेले. तेथील लोक कॅल्विनच्या पंथाचे. दारें बंद, थंडी कडाक्याची, जिवावरहि हल्ले झाले. तापट मनुष्य अशा वेळीं शिव्याशाप देतो. फादर फ्रान्सिस ह्यांनीं पत्रकें लिहून घरोघरीं पोंचविलीं आणि चार वर्षें दम धरला. राग मेला नव्हता. त्याचें बळ आतां चिकाटींत उतरलें होतें. अखेर त्या प्रांतांतील बहुतेक लोक कॅथॉलिक धर्माकडे परतले.

१६०२ सालीं ते जिनिव्हाचे बिशप झाले. परंतु त्या शहराचीं दारें कॅथॉलिक बिशपास बंद असल्यामुळें ते आनसी येथें राहिले. मार्टिन नांवाच्या एका मुक्या-बहिऱ्या तरुणास त्यांनीं स्वतः खुणांनीं धर्मज्ञान शिकविलें. मन खवळलें असतां बोलावयाचें नाहीं, असा त्यांचा आपल्या जिभेशीं करार होता. हा करार एका रात्रींत पक्का झाला नाहीं. रोजचें आत्मपरीक्षण, पापनिवेदन, आणि पडल्यावर स्वतःवरहि न चिडतां पुन्हां उठणें, ह्यांत वर्षानुवर्षें गेलीं. भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारा त्यांचा ग्रंथ १६०९ सालीं निघाला. संसारी माणसासहि आपल्या जागीं पवित्र होतां येतें, असें त्यांत सांगितलें आहे. १६१० सालीं संत जेन डी शांताल ह्यांच्यासह त्यांनीं व्हिजिटेशन हा भगिनींचा संघ स्थापिला.

ता. २८ डिसेंबर १६२२ रोजीं लियों येथें त्यांनीं देह ठेविला. १६६५ सालीं त्यांस संतपद व १८७७ सालीं ख्रिस्तसभेचे आचार्य ही पदवी मिळाली. अनाथ व उनाड पोरांना मायेनें सांभाळणाऱ्या डॉन बॉस्कोंनीं आपल्या संघास ह्याच संताचें नांव दिलें. नागपूरचें कॅथीड्रलहि त्यांच्याच नांवाचें आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, स्वभाव हें वडिलार्जित शेत आहे आणि संस्कार ही आईबापांनीं केलेली नांगरट आहे. पेरणी व राखण मात्र ज्याची त्यानें करावयाची, आणि पाऊस देवाच्या कृपेचा. म्हणून तापट मुलाकडे पाहून हात टेकूं नयेत, आणि स्वतःच्या रागाला स्वभावाचें नांव देऊन पांघरूण घालूं नये. ह्या सौम्य संताची मध्यस्थी आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक कुटुंबास लाभो.