मलिक अंबर आणि गावकुसाबाहेरचा माणूस

शाळेच्या पुस्तकात आपल्या मुलांना इजिप्त म्हणजे पिरॅमिड, ममी आणि नाईल नदी एवढेच शिकवले जाते. त्या इजिप्तच्या दक्षिणेला, आजच्या सुदानमध्ये, कुश नावाचे काळ्या माणसांचे बलाढ्य राज्य होते, आणि त्या राज्याच्या पिये, तहारका या राजांनी इ.स.पूर्व आठव्या-सातव्या शतकात खुद्द इजिप्तच्या गादीवर बसून राज्य केले, हे मात्र सांगितले जात नाही. तेथील अवशेष खणून काढणारे अमेरिकन संशोधक जॉर्ज राइस्नर यांनी तर हे राजे मूळचे उजळ कातडीच्या लिबियन वंशाचे असले पाहिजेत, असा निष्कर्ष काढला. राज्य केले म्हणजे वंश वरचाच! आपल्याकडेही शूद्र राजा झाला की त्याच्यासाठी वंशावळ शोधून आणतातच.

कुशच्याही पुढे, निळी नाईल जेथे उगम पावते त्या हबसाणातून म्हणजे इथिओपियातून आलेला एक माणूस आपल्या दख्खनच्या इतिहासात आहे. मलिक अंबर त्याचे नाव. आमच्या खानदेशातील किती तरुणांना तो माहीत आहे?

त्याचा जन्म इ.स. १५४८ च्या सुमाराचा. मूळ नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला. लाल समुद्राकाठच्या मोखा बंदरातून बगदादला पोहोचला. तेथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव ठेवले. पुढे तो अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्याकडे आला. हा चंगीजखान स्वतःही एके काळचा हबशी गुलामच, आणि त्याच्या पदरी असे सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. चंगीजखान मेल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. एका बाईने शब्द दिला आणि माणूस मोकळा झाला. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मोकळा झालेला अंबर काही वर्षे विजापूरकरांकडे राहिला आणि सुमारे १५९५ मध्ये दीडशे घोडेस्वार घेऊन निजामशाहीत परतला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. चांदबिबी मारली गेली. राज्य संपले असे सर्वांनी धरले असताना अंबरने परांड्याला निजामशाही घराण्यातील मुर्तजा यास गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार स्वतः हाती घेतला. पुढची पंचवीस वर्षे मोगलांना त्याने दख्खनमध्ये नीट पाय रोवू दिले नाहीत. तो संत होता असे आम्ही म्हणणार नाही. राजाच्या थोरल्या इराणी राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले, तेव्हा त्याने राजा-राणी दोघांनाही विष घालवले, असे पीटर व्हान डेन ब्रुक या डच व्यापाऱ्याने नोंदवले आहे. राजवाड्यात जाऊनही गुलामीचा टोमणा सुटला नव्हता, पण टोमणा मारणाऱ्याला जाब विचारण्याची ताकद त्याच्या हातात आली होती.

खानदेशाशी त्याचा संबंध युद्धाचा. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेऊन फारुखींचे राज्य बुडवले आणि बुऱ्हाणपूर हे दख्खनच्या स्वारीचे मोगली ठाणे झाले. अंबरच्या फौजा घाट उतरून तापीच्या खोऱ्यात येत, रसद तोडत आणि परत घाट चढून जात. १६२० मध्ये तर त्यांनी खानखानानला बुऱ्हाणपुरात कोंडून धरले. या गनिमी लढाईत त्याच्याबरोबर मराठा सरदार होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथे पडले. आता हेही सांगितले पाहिजे की खानदेशच्या शेतकऱ्याला मोगल काय आणि अंबर काय, दोन्हीकडच्या घोड्यांनी त्याचेच पीक खाल्ले. जहांगीर बादशहाला तो रणात सापडला नाही, म्हणून अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर बादशहा बाण मारतो आहे, असे चित्र दरबारी चितारी अबुल हसन याने काढले!

१६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. मोगलांनी ते शहर १६१६ मध्ये उद्ध्वस्त केले, त्याने पुन्हा उभारले आणि जमिनीखालून नहर खणून पाणी आणले. नहर-ए-अंबरी ती हीच. सारा ठरवताना जमिनीची प्रत आणि हाती आलेले पीक पाहायचे, ठेकेदाराला मध्ये येऊ द्यायचे नाही, ही त्याची पद्धत पुढे शिवकाळातही उपयोगी पडली. १६२६ मध्ये वयाच्या ऐंशीच्या घरात तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

पण जमिनीची प्रत पाहणाऱ्या त्या कारभारात गावगाडा होता तसाच राहिला. पाटील पाटीलच राहिला, महार महारच राहिला. महार वतनाचे जोखड कायद्याने मोडण्यासाठी बाबासाहेबांना १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणावे लागले आणि ही कनिष्ठ वतने प्रत्यक्षात रद्द करणारा कायदा १९५८ चा आहे. गुलामाला मालकीण मुक्त करू शकत होती. महाराला मुक्त करू शकेल असा मालकच नव्हता, कारण त्याची गुलामी कोणा एकाची नव्हती, साऱ्या गावाची होती. गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना बाबासाहेबांनी अस्पृश्यता अधिक वाईट ठरवली ती उगाच नव्हे.

धुळ्याहून चाळीसगावमार्गे कन्नडचा घाट चढला की अंबरचा मुलूख लागतो. या घाटाच्या पायथ्याशी, चाळीसगावात, १९२९ साली परदेशातून बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. आपल्याच एका नवख्या माणसाने टांगा हाकला, तो पुलावर उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. घाटावर दौलताबादचा किल्ला आहे, जो या हबशी गुलामाची राजधानी होता. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह तेथे गेले. प्रवासाची धूळ धुवायला त्यांनी दारापाशी हौदातील पाणी घेतले, तर हौद बाटवला म्हणून मुसलमानांचा जमाव धावून आला. शेवटी किल्ला पाहू दिला तो आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि सोबत एक हत्यारबंद शिपाई देऊन.